तेल पाजलेला क्यू

ऐक आधी, धना. मधी काय बी बोलू नको, नुसतं ऐक. हे मला कुणाला तरी सांगायचंच हाय, आणि हॉलात बसून सांगता येईना, कारण तिथं ती काठी उभी हाय.

परवा शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी नुकताच हॉल उघडला होता. तू आलायस की एकदा, नळदुर्गात हायवेला टायरच्या दुकानावर गुरुसिद्धप्पा अण्णांचा पूल खेळायचा हॉल, दोन टेबलं. मी टेबलाला ब्रश मारायलो होतो आणि जिन्यावर आवाज आला. ठक, पाय. ठक, पाय. काठी टेकत कुणीतरी वर यायलंय. म्हणलं, आपल्या इथं काठी टेकत येणारं गिऱ्हाईक कुठलं?

वर आले बब्रुवान तात्या. जळकोटचे, मेंढरं राखतात ते. युवराजचे वडील. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका, एका हातात काठी आणि दुसऱ्या काखेत जुन्या धडप्यात गुंडाळलेलं लांबडं कायतरी. ते लांबडं बघितलं आणि माझ्या हातातला ब्रश थांबला.

का, ते सांगतो. युवराजनंच मला हा खेळ शिकवला. नळदुर्गात त्याच्यासारखं खेळणारं कोण नव्हतं. त्यानं हैदराबादच्या एका कारागिराकडनं स्वतःच्या मापाचा क्यू, म्हंजे खेळायची काठी, बनवून घेतलेला. पंजा कागदावर ठेवून, भोवती पेन फिरवून ते माप पाठवलं होतं. मागची मूठ काळ्या शिसवीची, पुढची दांडी पिवळट पांढऱ्या लाकडाची, दोन तुकडे जोडायला मधी पितळेचे आटे, आणि मुठीच्या बुडाला काळ्या-पांढऱ्या रेघांचं एक कडं. आम्ही त्याला हात लावायच्या आधी पँटीला हात पुसायचो.

दोन वर्षांमागं तात्या त्याला बोलवायला हॉलात आले. मेंढरं दोन दिवस कोंडून होती आणि हा इथं. दारात उभं राहून बोलले, "ह्या काठीनं एक मेंढरू तरी वळतं का रं?" सगळे हसले. मी बी हसलो, धना. युवराजनं क्यूचे दोन तुकडे पिशवीत घातले, बापाच्या हातात दिले आणि म्हणला, "घ्या, तुम्हीच वळा." चार दिवसांत तो चाकणला कंपनीत गेला. तवापासून बापलेकांचं बोलणं बंद. आईला फोन करतो, धुरपदाबाईला. बापाला न्हाय.

आणि बुधवारी, म्हंजे तात्या यायच्या दोन दिवस आधी, त्याचा मला फोन आला. "रण्या, माझा क्यू तू घे. आईला सांगितलंय रणधीरला दे म्हणून. पण बघून घे, सेकंडहँड वस्तू हाय, डोळे झाकून घेऊ नको." मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. म्हणलं, आणि तू कशानं खेळणार? तर त्यानं व्हिडिओ चालू केला आणि डावा हात समोर धरला. दोन बोटं न्हाईत. अंगठ्याशेजारची दोन. शिमग्यातच कंपनीत प्रेसच्या मशीनमधी गेली. ज्या बोटांची कडी करून त्यातनं क्यू सरकवायचा, तीच गेली. म्हणला, "आता क्यू ठेवायला जागाच न्हाय बघ." हसून म्हणला. मग म्हणला, "घरी कुणाला कळता कामा नये. म्हातारा मेंढरं विकून इथं येऊन बसंल. घे शपथ." घेतली मी.

आता कळलं ना माझ्या हातातला ब्रश का थांबला?

तात्या खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि ते धडपं टेबलावर ठेवलं. म्हणले, "युवराज त्येच्या आईला म्हणला, क्यू रणधीरला दे. म्या वळखलं. तपासून घ्यायचाय त्येला. परत खेळायचं मनात आलंय पोराच्या."

खरं काय ते मला म्हाईत होतं. म्हातारा इतका खूश दिसायला होता.

"जपलाय म्या," म्हणले. "बग तू. दोन वर्सं जपलाय."

मी गाठ सोडली. आधी वास आला. करडईच्या तेलाचा आणि धुराचा. दांडी पिवळट पांढरी होती ना, ती पार मधासारखी झालेली.

"तात्या, ह्याला काय लावलंय?"

"तेल. दर अमुशाला पाजलं. माझ्या काठीला पाजतो तसंच. आन् भुंगा लागू नये म्हणून चुलीच्या वर आढ्याला टांगला हुता. धुरानं लाकूड पक्कं व्हतंय."

धनगराची काठी अशीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ते बरोबरच हाय. पण ती भरीव वेळूची काठी, आणि हे बोटाएवढं बारीक, तासून मापात आणलेलं लाकूड. त्याला ऊन सोसत न्हाय. आम्ही तर क्यू गाडीच्या डिकीत बी ठेवत न्हाय. चुलीवर दोन वर्षं.

तरी म्हणलं, बघू. मुठीपासून सुरुवात केली. शिसव एक नंबर, तेलानं उलट चकाकी आलेली, कुठं चीर न्हाय. आटे घासलेले न्हाईत, दोन्ही तुकडे जोडल्यावर मधी नखसुद्धा शिरंना. कारागिराचा हात म्हंजे हात हो. मूठ जमिनीवर हळूच आपटली, आत कुठं खुळखुळ न्हाय. बोटावर तोलला, वजन जिथं पाहिजे तिथंच. मला वाटलं, सुटलो. मग पुढच्या दांडीवरनं हात फिरवला. हात सरकंना. तेल आत मुरून चिकट झालेलं. टोकाच्या चामड्याला पण तेल पाजलेलं, खडू लावला तर बसंना, पीठ झाल्यागत गळाला. म्हणलं, हे बदलता येतंय, दांडी पण घासून पुसून घेता येतीय. मग क्यू डोळ्याला लावला, एक डोळा मिटला.

टोकापासून वीतभर अलीकडं वाकलेला. थोडा न्हाय, चांगला.

मी डोळा मिटलेलाच ठेवला. उघडला की तात्यांकडं बघावं लागलं असतं.

तेवढ्यात अण्णा चहाची किटली घेऊन वर आले. त्यांना यातलं काय बी म्हाईत न्हाय. नाक फुलवून म्हणले, "यप्पा! कुणी फोडणी दिली रे इथं?" मी डोळे वटारले तरी कळंना त्यांना. क्यू हातात घेतला, हुंगला. "काय रणधीर, भजी तळतो का यात? ह्यो क्यू हाय का उलथनं?"

तात्यांनी अण्णांकडं बघितलं. रागानं न्हाय. जसं शाळेत आपल्या पोराबद्दल मास्तर काय म्हणायलाय ते बाप ऐकतो ना, तसं.

"तेल चालत न्हाय का ह्येला?" तात्यांनी विचारलं.

"चालतंय की," मी म्हणलो. "अण्णा मस्करी करायलेत."

"आन् सरळ हाय न्हवं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तो माणूस तीस वर्षं हॉल चालवतोय, हातात घेतल्या घेतल्या त्यांना कळलं असणार. तोंड फिरवून चहा ओतायला लागले.

"सरळ हाय तात्या," मी म्हणलो. आणि दाखवायला म्हणून क्यू टेबलावर लोळवला. मुद्दाम टेबलावर, हिरव्या कापडावर. तिथं आवाज येत न्हाय.

तात्या बघत राहिले. "माझ्या डोळ्याला कमी दिसतंय," म्हणले. "कानाला न्हाय. खाली फरशीवर लोळव."

"फरशीवर कशाला, ओरखडे पडतील."

"लोळव लेका. आदी ही लोळव." आणि स्वतःची काठी माझ्या हातात दिली.

डोक्याला टेकंल एवढी काठी, पेरं तासून गुळगुळीत केलेली, हात लागून लागून काळी झालेली. मी खाली शहाबादीवर ठेवली आणि ढकलली. धना, तुला सांगतो, सर्रर्र करून एकसारखी गेली भिंतीपातूर. कुठं उडाली न्हाय, अडखळली न्हाय. अण्णांनी किटली खाली ठेवली. आमच्या रॅकमधला एक क्यू तसा जात न्हाय.

मग मी क्यू ठेवला. ढकलला. क्यू एका बाजूला निमुळता, तो गोल वळत जाणारच, ते ठीक. पण आवाज. टक. मग कायच न्हाय. टक. मग कायच न्हाय. टक. टोक उठत होतं आणि पडत होतं.

भिंतीला लागून थांबला तरी आम्ही तिघं तिथंच उभे.

तात्या वाकून बसले. क्यू उचलला, मांडीवर आडवा घेतला आणि अंगठा फिरवत फिरवत नेमका त्या जागेवर आणून थांबवला. डोळ्यांनी बघितलंसुद्धा न्हाय. "हितं," म्हणले.

मी म्हणलो, "लई न्हाय तात्या. थोडंसं हाय."

"तू सरळ म्हणलास."

मला जमीन फाटून आत जावं वाटलं.

"तुज्यावर राग न्हाय," म्हणले. मग बुडाच्या त्या काळ्या-पांढऱ्या कड्यावर बोट ठेवलं. "ह्ये काय हाय, म्हाईत हाय तुला?"

"डिझाईन हाय."

त्यांनी खांद्यावरच्या घोंगड्याचा काठ ओढून त्या कड्याशेजारी धरला. एक काळी, दोन पांढऱ्या, एक काळी. रेघेला रेघ. मी शंभर वेळा तो क्यू हातात घेतलाय, धना, मला कधी दिसलं न्हाय. आणि युवराज पण कधी बोलला न्हाय.

"तेल लावताना दिसलं मला," तात्या म्हणले. "पयल्याच अमुशाला. तवापास्नं एक अमुशा चुकवली न्हाय. आन् म्याच वाकवला. आदी तोंडानं वाकवला, आता चुलीवर." मग हळूच म्हणले, "पोराचा खेळ दोनदा घालवला म्या."

आता इथं बघ. इथं मी बोलायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. तात्या, तुमच्यामुळं न्हाय, त्याची बोटंच गेलीत, क्यू सरळ असता तरी तो खेळला नसता. आणि आता तो येत न्हाय ते तुमच्यावरच्या रागानं न्हाय, हात दाखवायचा न्हाय म्हणून येत न्हाय. एवढं बोललो असतो तर म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा एक धोंडा उतरला असता. आणि त्याहून मोठा दुसरा मीच ठेवला असता. शपथ आठवली, मग तो हात आठवला, मग परत तात्यांचा अंगठा दिसला त्या वाकलेल्या जागेवर.

मी म्हणलो, "चहा घ्या, गार व्हायलाय."

हे म्हणलो मी. चहा घ्या.

त्यांनी घेतला. बशीत ओतून, सावकाश. अण्णा म्हणले, "मामा, माफ करा हां, मी उगं बोललो." तात्या म्हणले, "खोटं कुटं बोलला तुमी? भज्याचाच वास हाय." आणि जरासं हसले बी.

मग क्यूचे तुकडे वेगळे केले, धडप्यात गुंडाळले, गाठ मारली. म्हणले, "काठी सरळ करता येतीय मला. निखाऱ्याच्या मंद आरावर दावायची, मांडीखाली दाबायची, मग धोंडे ठेवून सावलीला सोडायची. घाई केली की मोडती. दिवाळीपातूर हुईल."

"तात्या, हे लाकूड वेगळं हाय..."

"लाकूडच हाय न्हवं? मग ऐकंल." उठले. "दिवाळीला म्या सोताच जातो चाकणला. त्येच्या हातात देतो. बोलला तर बोलला, न्हाय बोलला तर हातात देऊन माघारी येतो. तू त्येला काय सांगू नको, बरं का. आदी सरळ हूं दे."

म्हंजे बघ आता. पोरानं शपथ घातलीय बापाला सांगू नको, बापानं सांगितलंय पोराला सांगू नको. आणि दिवाळीला तो क्यू घेऊन त्या हातासमोर जाऊन उभा राहणार हाय.

दारापातूर गेले आणि मी मागनं ओरडलो, "तात्या, तुमची काठी राहिली."

ती भिंतीकडं फरशीवरच पडली होती. म्हणले, "राहू दे तुझ्याकडं. दोन दोन घेऊन एसटीत चढता येत न्हाय. दिवाळीनंतर नेतो."

येताना दोन्ही घेऊनच आले होते, तरी मी एवढंच म्हणलो, "जिना उतरताना लागंल की."

"भिंत हाय की."

खिडकीतनं बघितलं मी. जिन्यातनं बाहेर आले, धडपं दोन्ही हातांवर आडवं धरलेलं, नुकतं जन्मलेलं कोकरू धरतात तसं. पाय दुखतोय हे चालण्यावरनं कळायलं होतं, पण ते धडपं एकदा बी जमिनीला टेकवलं न्हाय. हायवे ओलांडताना दोन ट्रक जाऊ दिले, मग गेले स्टँडकडं.

तवापासून युवराजचे तीन फोन येऊन गेले. उचलले न्हाईत. मेसेज हाय, "मिळाला का? कसा हाय?" मी नुसता बघतो.

आणि ती काठी मी रॅकमधी उभी केलीय, क्यूंच्या रांगेत शेवटी. पोरं विचारतात ही कुणाची, कुणी हात लावला की अण्णाच ओरडतात. सकाळी झाडताना मी एकदा तिला डोळ्याला लावून बघतो. सगळ्या रॅकमधी सरळ तीच एक हाय.

दिवाळी लई लांब न्हाय, धना. खरं खरं सांग, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? आणि सांगितलं असतंस तर दोघांतल्या कुणाला?