काणी पडलेला गहू

ताईचं मळणीयंत्र आसपासच्या सगळ्या शेतांवर फिरायचं. बाई यंत्र चालवते म्हणून लोक आधी हसले, मग तिची वाट बघू लागले. त्या वर्षी धाकट्या भावाकडे ती सगळ्यात शेवटी पोचली.

भाऊ पेंढ्या रचून तयारच होता. ताईने एक ओंबी चोळली. दाण्याऐवजी तळहातावर काळी पूड पसरली आणि सडक्या मासळीचा वास नाकात गेला.

"अरे, काणी पडलीय गव्हाला. ही पूड यंत्रात उडाली की नुसत्या ठिणगीने पेट घेते. मी नाही मळणार."

"परक्यांचं सगळं मळतेस आणि घरच्या गव्हाला नाक मुरडतेस?" भाऊ चिडला. "निम्मा तरी चांगला निघेल की!"

भावजय दारात उभी होती, पण तिने ब्र काढला नाही. भावाचं एवढंसं झालेलं तोंड ताईला बघवेना.

"बरं. पण पेंढ्या मी घालीन. तू लांब थांबायचं."

तो कसला ऐकतोय! यंत्र सुरू झालं, ताई पट्टा बघायला मागे गेली, तोवर हा पेंढी घेऊन यंत्राच्या तोंडाशी हजर. काळा ढग उठला. आत कुठेतरी लोखंडावर लोखंड घासलं आणि ढगच्या ढग भडकला.

त्याला ओढून काढताना ताईचे केस जळाले, हात भाजले. दवाखान्यात तो काही दिवस तग धरून होता. शुद्धीवर आला की एकच विचारायचा, "मळणी उरकली का?"

"उरकली रे," ताई म्हणायची.

तो गेला तेव्हा उरलेल्या पेंढ्या तशाच पडून होत्या.

सगळे पाहुणे पांगल्यावर भावजय पहिल्यांदा बोलली. "वन्सं, तुम्ही नाही म्हणालात ते मी ऐकलं होतं. मग अडून का नाही बसलात?"

'तू तरी का गप्प राहिलीस?' हे ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. पट्ट्या बांधलेल्या हातांनीच ती उठली.

मग दोघींनी मिळून पेंढ्या शेताच्या मधोमध नेल्या आणि लांबून पेटवल्या. धूर बराच वेळ विरला नाही.

"पुढच्या वर्षी इथे काय पेरायचं?" भावजयीने विचारलं.

"गहू नको," ताई म्हणाली.