पुढे कोण बसणार

"कांचन आली की धुणं घेऊन मोरीत जाऊ नका हं. तिच्याजवळ बसा," असं बडोद्याच्या फिजिओथेरपिस्ट शालिनीताईंनी निरुपमाला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. निरुपमाने मान हलवली आणि विसरून गेली. बडोद्याजवळच्या कोयलीपलीकडे निरुपमाचं गाव होतं, तिथे शालिनीताई महिन्यातून एकदाच यायच्या. एरवी त्यांनी शिकवून तयार केलेली गावातलीच कांचन येई आणि निरुपमाच्या मुलीकडून, लीलाकडून, व्यायाम करून घेई. तेवढ्या वेळात निरुपमाचे बादलीभर कपडे धुऊन होत.

लीला अडीच वर्षांची. जन्मापासून अंग ताठ, आधाराशिवाय बसता येत नव्हतं.

एके दिवशी मोरीतून निरुपमाला खिदळणं ऐकू आलं. साबणाच्या हातांनीच ती दारात आली. लीला चटईवर बसली होती! समोर कांचन, तिच्या कमरेला हात लावून. निघताना कांचनने गुजरातीत निरोप घेतला, "आवजो, लीलाबेन." लीलाने हात वर केला. "आ...जो."

पहिला शब्द. 'आई' अजून एकदाही नाही.

"अगं, सवत आल्यासारखी काय बघतेस!" रात्री नवरा हेरंब हसला. "मुलगी बोलली ना?"

"तुम्हाला हसायला काय जातंय? माझ्याशी बोलली का?"

दुसऱ्या दिवशी कांचन आली तेव्हा निरुपमा उंबऱ्यावरच उभी राहिली. "झोपलीय ती."

आत लीलाने वाटी आपटली, पुन्हा आपटली.

"झोपेत वाजवते?" कांचनने विचारलं. निरुपमा दारातून हलली नाही. कांचन चपला न काढताच परत फिरली.

निरुपमा आत आली. लीलाचा हात दाराकडे वर झाला होता. आईला पाहून तो खाली आला, आणि पाठोपाठ मानही. निरुपमाने तिला उचलून बसवायला घेतलं, तर अंग लाकडासारखं. असेच दिवस गेले तर बसायला आलेली पोर पुन्हा आडवी होईल, या धास्तीने तिने चार वाजता कांचनचं घर गाठलं.

"उद्या या. धुणं मी सकाळीच उरकते."

"कधीपासून वाट बघतेय मी, बेन," कांचन म्हणाली. "माझे दोन्ही हात तिच्या कमरेला. पुढे खेळणं धरायला तिसरा कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी कांचन लीलाच्या मागे बसली. पुढे निरुपमा, हातात तीच वाटी. लीलाने आईकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि वाटी ओढून घेतली. 'आई' म्हणाली नाहीच. निघताना 'आजो' मात्र कांचनलाच. तरी निरुपमा चटईवरून उठली नाही.

तुमच्याही गल्लीत अशी कुणी कांचन येत असेल आणि त्याच वेळी घरातली आई मोरीत कपडे आपटत असेल. एकदा जाऊन त्या आईची विचारपूस करा. मूल झोपलंय म्हणाली, तरी थोडं थांबा.