रणजीतचा मॅग्नेट आणि अपडेट

"अपडेट म्हणजे फोन मारायचं औषध असतंय," रणजीत प्रितमला म्हणाला. "मी रूट मारणार, कंपनीचं कुलूप तोडून दुसरीच सिस्टिम टाकणार. तासाभरात फोनचा मालक मी, कंपनी नाही."

चाकणच्या एका कंपनीत दोघं शेजारशेजारच्या सीएनसी मशीनवर होते, सहा वर्षं, ठेकेदाराकडून. यंदा बारा जणांना पर्मनंट करणार होते. अट एकच. या महिन्याची हजेरी पूर्ण पाहिजे, आणि ती नव्या मोबाईल अ‍ॅपवर. अ‍ॅपने आधीच बजावलं होतं, सोमवारपासून जुन्या सिस्टिमवर चालणार नाही. रणजीतचा फोन दोन महिने रोज अपडेट दाखवत होता आणि रणजीत रोज 'नंतर' दाबत होता.

प्रितमने शनिवारी कॅन्टीनमध्ये जेवता जेवता अपडेट टाकून घेतला. फोन जरा संथ झाला, एवढंच.

रणजीतचा विश्वास उगाच नव्हता. त्याच्या मशीनचा दरवाजा उघडा असला की मशीन थांबतं, तिथे सेन्सर असतो. चार वर्षांपूर्वी रणजीतने त्या सेन्सरवर मॅग्नेट चिकटवला. तेव्हापासून दरवाजा सताड उघडा असतो आणि मशीनला वाटतं बंद आहे. त्याचं प्रॉडक्शन अख्ख्या लाइनीत जास्त. सुपरवायझर सयाजीभाऊंनी हा मॅग्नेट कधीच पाहिला नव्हता. मागे हरवला तेव्हा नवा त्यांनीच आणून दिला होता.

"एवढं मशीन गंडवतो मी, राव. फोन काय चीज आहे."

"मशीन तुला पर्मनंट करणार नाहीये, भावा," प्रितम म्हणाला. "फोन करणार आहे."

रविवारी दुपारी मोशीच्या खोलीवर रणजीतने व्हिडिओ बघत रूट मारला. पहिल्याच पायरीला फोन धुऊन कोरा झाला आणि त्यासोबत त्याची बायको श्रद्धा हिच्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. संध्याकाळी श्रद्धाने एकच कप चहा केला आणि स्वतः प्यायली.

सोमवारी अ‍ॅप म्हणालं, या फोनमध्ये छेडछाड झाली आहे, आणि बंद पडलं. एचआरच्या अंजली मॅडमनी हजेरी हाताने लिहून घेतली. वर सांगितलं की हाताने महिन्यात दोनदाच, तिसऱ्यांदा माझ्याकडे यायचं नाही.

घरी जाऊन त्याने रूट लपवणारं आणखी एक सॉफ्टवेअर टाकलं. मंगळवारी अ‍ॅप उघडलं, चेहरा ओळखला, हजेरी लागली. रणजीतने प्रितमसमोर फोन नाचवला. फक्त या नव्या सिस्टिमचं घड्याळ कुठल्या तरी परदेशातलं होतं, त्यामुळे हजेरी पडली रात्री दीडची. नऊच्या सुमाराला सिक्युरिटीचे कोंडाजीकाका त्याला शोधत आले. रात्री दीड वाजता परवानगीशिवाय कंपनीत काय करत होतास, लेखी दे म्हणाले. रणजीतने लिहून दिलं की तो घरी झोपला होता, साक्षीदार बायको. काकांनी लगेच फोन लावला. श्रद्धा म्हणाली, त्यांचं मला काही विचारू नका.

रात्रीची हजेरी रद्द झाली आणि दुसरी हाताची हजेरी अशी संपली.

संध्याकाळी तो गुपचूप भोसरीत बंटीच्या मोबाईल दुकानात गेला. बंटीने रूट काढला आणि तोच कंपनीचा अपडेट टाकला. चाळीस मिनिटं लागली. "दादा, हे तुम्हाला घरी बसून झालं असतं की," बंटी म्हणाला. रणजीतने तिथेच अ‍ॅप उघडून पाहिलं. झकास चालत होतं.

बुधवार महिन्याचा शेवटचा दिवस. हजेरी सकाळी सातपर्यंतच. पावणेसातला रणजीत गेटवर पोचला तर सयाजीभाऊ वाट अडवून उभे. सेफ्टी ऑडिटवाले येऊन बसले होते.

"आधी तो मॅग्नेट काढ, मग हजेरी."

"कुठला मॅग्नेट?" रणजीतने सवयीने विचारलं.

"मी न पाहिलेला," सयाजीभाऊ म्हणाले.

रणजीतने पळत जाऊन मॅग्नेट उपटला. ठेवायला जागा नव्हती. कंपनीच्या युनिफॉर्मला खिसे नसतात, पार्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून. त्याने मॅग्नेट फोनच्या मागच्या कव्हरमध्ये सरकवला आणि टाइम ऑफिससमोर येऊन उभा राहिला.

स्क्रीन उजळली आणि विझली. बटण दाबलं की उजळायची, लगेच विझायची. त्याने फोन चार्जरला लावला, बंद करून चालू केला, शर्टाला पुसला. खिडकीतून अंजली मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. सात वाजले.

"बघ," रणजीत प्रितमला म्हणाला. "म्हटलं होतं ना, अपडेटने फोन मरतो."

फोन मेला नव्हता. झाकणाच्या कव्हरमध्ये बारीक मॅग्नेट असतो, तो जवळ आला की फोनला वाटतं झाकण मिटलं, आणि तो झोपतो. रणजीतच्या कव्हरला झाकणच नव्हतं. फोनला मात्र वाटत होतं बंद आहे.

साडेदहाला ऑडिटवाले समाधानाने गेले. सयाजीभाऊंनी मान हलवली. रणजीतने कव्हरमधून मॅग्नेट काढून सेन्सरवर चिकटवला आणि मशीन सुरू केलं. मग फोनचं बटण दाबलं, तोही सुरू झाला. स्क्रीनवर लिहिलं होतं, आजच्या हजेरीची वेळ संपली आहे.