शांततेचा हिशेब

दीक्षाने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, त्यातलं हे पहिलं मोठं काम. भिवंडीच्या नारपोलीतल्या भाऊंच्या लूम कारखान्याचे, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या कारखान्याचे, सगळे फोन इंटरनेटवर न्यायचे, फॅक्ससुद्धा. हो हो, फॅक्स! जपानचं गिऱ्हाईक ऑर्डरवरची सही अजून फॅक्सनेच मागतं, त्याला कोण काय करणार? भाऊंचा पुतण्या मितेश म्हणत होता, मुंबईची कंपनी बोलवू. भाऊंनी त्याला उडवून लावलं. "कोंडूची पोर हाय. बापानं माझ्याच लूमवर जन्म काढला. तीच करंल."

आता हेच काम बिघडलं तर भिवंडीत तिला दुसरं कोण देणार? म्हणून दीक्षाने डोळ्यांत तेल घालून हिशेब केला. एका वेळी जास्तीत जास्त किती जण फोनवर असतात ते पाहिलं, प्रत्येक कॉलला लाइनवर किती जागा लागते ते धरलं. माणूस बोलता बोलता थांबतो, समोरच्याचं ऐकतो. तेवढा वेळ फोनचं यंत्र काहीच पाठवत नाही, म्हणजे जागा वाचते. शुक्रवारी ऑफिसात बसून तिने मोजलं, तर चांगली एक तृतीयांश वाचत होती. तेवढी कापून बाकीची तिने कॉल आणि फॅक्ससाठी राखली, आणि वाचलेली कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांना देऊन टाकली.

शनिवारी ती पडघ्याला एका रिकाम्या गोदामात वायर ओढत होती, तोच भाऊंचा फोन.

"पोरी, आवाज तुट... तुटतोय! फॅक्स तं अर्ध्यातच मरतोय. मितेश म्हनतो, संध्याकाळपर्यंत जमलं न्हाय तर जुनी लाइन परत लावू."

दीक्षाने हातातली वायर खाली ठेवली. "भाऊ, जरा काही बोलू नका. फोन तसाच धरा."

भाऊ गप्प झाले. गोदामात चिटपाखरू नव्हतं. आणि फोनमधून येत राहिलं, खटाखट, खटाखट, खटाखट.

अगं बाई! शुक्रवारी ऑफिस चालू असतं, पण लूमना आठवड्याची सुट्टी, सगळे बंद! बाकीचे दिवस माणूस गप्प बसला तरी मागे लूम बडबडतच असतात. यंत्राला वाटतं कुणीतरी बोलतंय, आणि ते पाठवत राहतं. मुंबईच्या माणसाने कारखान्यात पाऊल टाकताच कानांवर हात ठेवले असते. दीक्षा याच आवाजात पाळण्यात झोपलेली. इतक्या खेपा घातल्या, पण तो तिला कधी ऐकूच आला नव्हता.

तिने तडक नारपोली गाठली आणि मितेशच्या देखतच सांगून टाकलं, "चूक माझी आहे, भाऊ. तुमच्याकडे माणसं गप्प झाली की शांतता होते, असं मी धरलं."

मितेश गालात हसला. भाऊंना तर हसता हसता ठसका लागला. "माझ्या कारखान्यात शांतता? आगं, ती ज्या दिवशी व्हईल त्या दिवशी टाळंच ठोकायचं!"

दीक्षाला हसू आलं नाही. तिने कॅमेऱ्यांकडची जागा परत घेतली, प्रत्येक कॉलला पुरती दिली, फॅक्सची वेगळी राखली. मग जपानचा कागद मशीनमध्ये घातला आणि श्वास रोखून उभी राहिली. कागद हळूहळू आत गेला. पोचल्याची चिठ्ठी बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

भाऊंनी चिठ्ठी मितेशच्या हातात दिली आणि तिच्याकडे वळले.

"माझ्या टेमघरच्या दुसऱ्या कारखान्याचं बी तूच कर. पन मोजायला शुक्रवारी येऊ नको."