साक्षीदार

"हात सरळ कर की रं, याकोबा. सायेब बघालाय," बसलिंगप्पा पुटपुटला आणि लगेच इतक्या जोरात ओरडायला लागला, की याकोबच्या कानात दडेच बसले.

"देवाला स्मरून शपथ घेतो की..."

गिरणीच्या पटांगणात पहिल्या पाळीचे सगळे विणकर हात पुढे करून उभे होते. आणीबाणी लागून वर्ष होत आले होते. राष्ट्राशी आणि शिस्तीशी एकनिष्ठ राहण्याची ही प्रतिज्ञा मालकांनी स्वतःच लिहवून घेतली होती. माग सुरू होण्याआधी ती रोज म्हणायची. न म्हणणाऱ्याचे काय होईल हे कुणी सांगितले नव्हते, आणि म्हणूनच सगळे घाबरून होते.

याकोब उबाळेचेही ओठ हलत होते. पण तो शपथ म्हणत नव्हता. या गलक्यात कोण काय म्हणतो हे कुणाला कळणार, अशा हिशेबाने तो रोज आपली प्रभूची प्रार्थना म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

देशाशी त्याचे काही वाकडे नव्हते. वाकडे होते ते शपथेशी. त्याच्या बापाने तरुणपणी पाटलाच्या धाकाने चावडीवर खोटी शपथ घेतली होती आणि एक गरीब माणूस तुरुंगात गेला होता. पुढे बाप ख्रिस्ती झाला तो त्याच टोचणीने. मरताना त्याने पोराला सांगितले होते, "हो तर हो म्हन, न्हाय तर न्हाय म्हन. जिभेला शपथ लावू नगंस." याकोबने ती कधी लावली नव्हती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिपाई निरोप घेऊन आला. उद्या सकाळी लेबर ऑफिसरनी बोलावले आहे, प्रतिज्ञेच्या बाबतीत. याकोबच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

कुणी सांगितले असेल? शेजारी उभा असतो तो एकच. आणि हा बसलिंगप्पा अलीकडे कानाजवळ येऊन इतका बोंबलतो कशाला? टोमणा मारत असणार. की साहेबाला दाखवत असेल, बघा, मी म्हणतो आणि हा म्हणत नाही? वीस वर्षे दोघांचे माग शेजारी होते, शेंगाचटणी एकमेकांच्या डब्यातली होती. याकोबने डबा उचलला आणि दूर भिंतीला टेकून पाठमोरा बसला. बसलिंगप्पा हातात कांदा घेऊन बघतच राहिला. संशयाचे असेच असते, एकदा घरात शिरला की पाट मांडून बसतो.

रात्री बायको एस्तेर म्हणाली, "पाळकसायेब तर म्हनले, देवाचं नाव घेऊन देशाला भलं म्हनायचं, त्यात पाप कसलं? चर्चमधले समदेच म्हनत्यात. साळवेसायेब तर सगळ्यात मोठ्यानं."

साळवे गिरणीतले टाइमकीपर आणि चर्चचे पंच. त्यांचा आवाज प्रार्थनेतही पहिला असायचा.

"त्यांचं त्यांच्यापाशी," याकोब म्हणाला. "मी बापाला शब्द दिलाय."

"आन् नोकरी गेली मंजी? पोरींच्या पोटात शब्द घालनार व्हय?"



सकाळी लेबर ऑफिसर कानिटकर यांच्या टेबलासमोर तो उभा राहिला, तर तिथे बसलिंगप्पा आधीच हजर.  म्हणजे अंदाज खरा निघाला.

"साळवे टाइमकीपरनी कळवलंय," कानिटकर म्हणाले, "की हा उबाळे प्रतिज्ञा म्हणत नाही. एकामुळे आमच्या सगळ्या समाजावर बालंट नको, असं त्यांचं म्हणणं. बसलिंगप्पा, तू रोज याच्या शेजारी असतोस. हा म्हणतो की नाही? खोटं बोललास तर दोघंही घरी जाल."

बसलिंगप्पाने क्षणभर खाली बघितले. मग सदऱ्यात हात घालून गळ्यात बांधलेले, रोज पुजायचे इष्टलिंग बाहेर काढले आणि तळहातावर धरले.

"ह्येच्यावर हात ठिवून सांगतो, सायेब. याकोब रोज म्हनतो. एक अक्षर सोडत न्हाय."

कानिटकरांचा आवाज खाली आला. "खरं का, उबाळे?"

याकोबचे तोंड उघडले. नाही म्हटले तर नोकरी गेली, आणि आपल्याबरोबर यालाही बुडवले. तोंड मिटले. कानिटकरांनी त्याचाच होकार धरला.

बाहेर आल्यावर त्याने बसलिंगप्पाचा दंड धरला. "आप्पा, तुला ठावं न्हवतं?"

"काय?"

"मी शपथ म्हनत न्हाय ते."

"आख्ख्या खात्याला ठावं हाय की!" बसलिंगप्पा हसला. "वीस वर्सं मागाच्या दणदणाटात आपन बोलतो ते कशावर? ओठ बघूनच न्हवं? तू तुज्या देवाची प्रार्थना म्हनतूस, ती आता आमालाबी पाठ झाली."

याकोबला धरणी ठाय देईना. हे त्याला कसे सुचले नाही? तो स्वतःही चार माग पलीकडच्याची शिवी ओठांवरून ओळखायचा.

"मग एवढा वरडत का हुतास माज्या कानात?"

"तुज्याकडं कुनाचा कान जाऊ ने म्हनून. आन् तू काल पाठ करून जेवलास."

याकोबने मान खाली घातली. मग म्हणाला, "लिंग हातात घिऊन खोटं बोललास, आप्पा."

बसलिंगप्पाचे हसू गेले. सदऱ्यावरून छातीला हात लावत तो म्हणाला, "व्हय. आज पूजेला कसा बसू, ते कळंना झालंय. बघू. तुला तीन पोरी हायत."

दुसऱ्या दिवशी पहाटे डबा भरताना एस्तेरने नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"आज मी म्हननार हाय," तो म्हणाला.

"सायेबाला भिऊन?"

"न्हाय. आप्पा बोललाय, मी रोज म्हनतो म्हनून. त्याची शपथ खोटी ऱ्हायला नको."

"आन् बाला दिलेला शब्द?"

"बानं एका गरिबाला बुडिवलं म्हनून तो शब्द घेतला हुता," याकोब म्हणाला. "तो पाळून आता आप्पाला बुडवू व्हय?" एस्तेरने डब्याचे झाकण लावले.

पटांगणात हात पुढे झाले. ओळीच्या टोकाला साळवे उभे होते, नजर याकोबच्या तोंडावर. बसलिंगप्पाने नेहमीसारखा ओरडायला श्वास घेतला. पण त्याच्या आधीच शेजारून आवाज निघाला, घोगरा, अडखळणारा, कधी न वापरलेला. देवाला स्मरून शपथ घेतो की...

पुढच्या ओळीतल्या दोघातिघांनी वळून पाहिले आणि लगेच माना फिरवल्या. साळव्यांनी समाधानाने मान हलवली. याकोब एक अक्षर न सोडता म्हणत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते. शेजारी बसलिंगप्पा एक हात पुढे करून, दुसरा सदऱ्यावरून छातीवरच्या लिंगाशी धरून उभा होता. त्याचे ओठ मात्र मिटलेले होते.