हिरवळीमागची माणसं

पूर्णिमाचा बागकामाचा धंदा लहानच होता. एक जुना टेम्पो, चार बायका आणि ती स्वतः. कोल्हापुरातल्या बंगल्यांपुढं हिरवळ अंथरायची, कुंड्या भरायच्या, कुंपणाची मेंदी कापायची. आठ वर्षं तिच्याबरोबर असलेल्या बाळाबाईंनी लावलेलं रोप कधी मरत नाही, असं गिऱ्हाइकं सांगत.

त्या हिवाळ्यात एका शाळेच्या बागेचं काम मिळालं. आजवरचं सगळ्यात मोठं. शाळेनं आधी एक कागद पाठवला. तुमच्याकडं आणि तुम्हाला माल देणाऱ्यांकडं राबणारी माणसं स्वखुशीनं काम करतात, कुणाला अडकवून ठेवलेलं नाही, असं लिहून द्यायचं होतं. पूर्णिमानं पेन काढलं. हातकणंगल्याच्या पुढच्या एका नर्सरीतून मातीसकट कापलेले हिरवळीचे पट्टे यायचे. तिथं ती कधी गेलीच नव्हती. फोन केला की माल दारात.

"न बघताच सही करतीस व्हय?" बाळाबाई म्हणाल्या. "टेम्पो हाय की आपला. जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. भर दुपारी फाटकाला कुलूप होतं. मालक सयाजीनं हसतमुखानं ते उघडलं, आत घेतल्यावर पुन्हा लावलं आणि पूर्णिमाला गवताच्या जाती दाखवू लागला. बाळाबाई तण काढणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. बायका कन्नड बोलत होत्या. बाळाबाईंचं माहेर सीमेवरचं. त्यांनी एकीला "अक्का" म्हटलं आणि तिच्या शेजारी खुरपं चालवायला सुरुवात केली.

तिचं नाव भागव्वा. ती, तिचा नवरा आणि आणखी पाच जण कलबुर्गीकडून आले होते. येताना सयाजीकडून आगाऊ पैशांची उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत म्हणून सयाजीनं सगळ्यांची आधार कार्डं आणि मोबाइल कपाटात ठेवले, त्याला दीड वर्ष झालं होतं. दिवाळीला गावी जाऊ दिलं नाही. बाजारालाही सोडत नव्हता. दोघं जण एकदा स्टेशनपर्यंत पळाले, तर त्यांना मोटारसायकलवर घालून परत आणलं.

परतताना बाळाबाईंनी हे सगळं सांगितलं. पूर्णिमाला आधी लाज वाटली. याच हिरवळीचं ती गिऱ्हाइकांपुढं कौतुक करत आली होती. मग भीती वाटली. तक्रार केली तर पट्टे बंद, आणि पट्टे नाहीत तर शाळेचं काम कसं करायचं? तिनं ते बोलूनही दाखवलं. हातकणंगल्यात तहसील कचेरीचा फाटा आला तसा पूर्णिमानं टेम्पो आत वळवला.

तिथल्या अंजना चौगुले नावाच्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तक्रारीवर नाव घालणार का, असं विचारलं. पूर्णिमानं पूर्ण नाव लिहिलं, खाली फोन नंबरही.

दुसऱ्या सकाळी चौगुले बाई पोलिसांना आणि कामगार खात्याच्या माणसाला घेऊन नर्सरीत पोचल्या. सयाजी आधी हसला, मग उचलीची वही दाखवू लागला, मग दोन वेळचं जेवण घालतो म्हणाला.

"ही वेठबिगारी आहे," चौगुले बाई शांतपणे म्हणाल्या. "असली उचल कायद्यानं इथंच संपली. कपाट उघडा."

मोबाइल हातात आल्यावर भागव्वाचा नवरा तो नुसता उलटसुलट करून बघत राहिला. बॅटरी कधीच उतरली होती.

जबाब आणि सुटकेचे दाखले होईपर्यंत दोन दिवस गेले. सगळी सरकारी वसतिगृहात राहिली. बाळाबाई दुभाषी म्हणून तिथंच थांबल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावाकडची गाडी होती. मधल्या वेळात काय करू या, असं पूर्णिमानं विचारलं. भागव्वा म्हणाली, बाजारात चालायचं, कुणी हाक मारणार नाही असं.

मग सगळी निघाली. भागव्वा बांगड्यांच्या दुकानात शिरली. हिरव्या नको म्हणाली, लाल नको म्हणाली, दुकानदारानं काढलेला प्रत्येक डबा नको म्हणाली आणि दर नकाराला तिला जास्तच हसू येत गेलं. दुकानदारही हसायला लागला. शेवटी पिवळ्या घेतल्या. नवऱ्यानं वडापाव खाल्ला, आणखी एक मागितला आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून खाल्ला. त्याला बाजूला ओढताना बाळाबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

शाळेच्या मुख्याध्यापिकेला पूर्णिमानं खरं ते सांगितलं. त्यांनी महिनाभर मुदत वाढवून दिली. आता पट्ट्यांऐवजी गवताच्या काड्या हातानं रोवायच्या होत्या आणि त्याला माणसं कमी पडत होती. तेवढ्यात गावाहून भागव्वाचा फोन आला, तोडक्यामोडक्या मराठीत. काम असेल तर ती, नवरा आणि दोन जावा यायला तयार होत्या, पण तिच्या अटी होत्या. कार्डं आपल्याच पिशवीत राहणार. मजुरी दर शनिवारी हातात पाहिजे. मनात येईल तेव्हा गावी जाणार. आणि सोमवारी कुणी मातीला हात लावणार नाही.

पूर्णिमानं सगळं कबूल केलं आणि बाळाबाईंना सांगितलं. बाळाबाई काड्या भिजवत होत्या. त्यांनी मान वर केली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर मला आठ वर्सांत ठरलेली सुट्टी न्हाय मिळाली कधी."

पूर्णिमा ओशाळली. बाळाबाई बोलावलं की येत, म्हणून तिला कधी सुचलंच नव्हतं. तिनं माफी मागितली आणि सोमवारची सुट्टी सगळ्यांनाच दिली.

पहिल्या सोमवारी बाळाबाई आणि भागव्वा नृसिंहवाडीला गेल्या. दुपारी तिथून बाळाबाईंचा फोन आला. संगमावर पाय सोडून बसलोय, पेढे घेतलेत, आज काही परत यायचा विचार न्हाय.