दगडाखालची माती, पायाखालची राख

"माझी माती कोणी नेली?"

कुंभारणीने भल्या सकाळी गल्लीच्या मधोमध उभं राहून हा सवाल टाकला आणि माझा पाय यंत्रावरच थांबला. मी शिंपी. माझं यंत्र खिडकीपाशी आहे. त्यामुळे गल्लीतलं कोणतंही भांडण आधी माझ्या घरी येतं, मग बाकीच्यांच्या.

"दोन दिवस तुडवून मऊ केली होती. एक खडा ठेवला नव्हता तिच्यात. आता खड्ड्याचा तळ दिसतोय! कुत्र्याने चाटून नेली का?"

चोर शोधायला लांब जायला नको होतं. पाथरवटाच्या छपरीपासून विहिरीपर्यंत चाळीस पावलांची वाट, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पातळ चिखलाने चकाकत होती. आणि त्या चिखलात, खांद्यावरून दोर घेतलेला म्हातारा पाथरवट उभा होता. त्याच्या मागे दोराला बांधलेली दगडी डोणी होती, गुरांनी पाणी प्यावं म्हणून कोरलेली. कमरेइतकी लांब, गुडघ्याइतकी उंच, काळीशार.

ती डोणी त्याच्या बायकोने मागितली होती. वीस वर्षं मागितली. संध्याकाळी रानातून शेळ्या परतल्या की ती बाई विहिरीवर बादली भरायची आणि एकेकीच्या तोंडापुढे धरून वाकून उभी राहायची. घरी येऊन कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तिथे एक डोणी करा ना हो." हा म्हणायचा, "होईल गं." दुसऱ्यांच्या पायऱ्या झाल्या, दुसऱ्यांची जाती झाली, खांब झाले. हिची डोणी होतच राहिली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्या-चौदाव्या दिवशी कधीतरी छपरीतून छिन्नीचा आवाज सुरू झाला, तो थेट परवापर्यंत. अख्ख्या वर्षात त्या घरातून दुसरा आवाज मी ऐकला नाही. चूल पेटल्याचा धूरसुद्धा एक वेळच दिसायचा.

उद्या त्याचा मुलगा येणार होता, त्याला कायमचं शहरात न्यायला. म्हणजे डोणी विहिरीवर जायची ती आजच. नाहीतर ती छपरीत कुलपाआड राहणार.

"ओढा की मग," कुंभारीण म्हणाली. "आता चोरीच केलीय तर ओढा."

त्याने काही उत्तर दिलं नाही. तो कधीच देत नसे. त्याच्या छिन्नीची धूळ उडून हिच्या ओल्या मडक्यांवर बसायची. ही रोज ओरडायची आणि तो मान हलवून, कसनुसा हसून आत जायचा. पाण्यावर काठी मारावी तसं होतं ते भांडण.

त्याने पहार डोणीच्या बुडाखाली घातली, जोर दिला. दगड जागचा हलेना. पुन्हा दिला. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. तिसऱ्यांदा दगडाने कुरकुर केली आणि टीचभर सरकला. म्हातारा धावत पुढे आला, दोर खांद्यावर घेतला, पुढे झुकला आणि त्याचे दोन्ही पाय मागे निसटले. तोंडावरच पडला. उठला. पुन्हा झुकला, पुन्हा पडला. गल्लीला तिथे बारीकसा चढ आहे. तिसऱ्या वेळी डोणीच हळूहळू मागे घसरली, छपरीच्या दगडी उंबऱ्यावर आदळली आणि तिच्या काठाचा एक टवका उडाला.

टवका एवढासा होता, पण म्हातारा तो हातात घेऊन चिखलात बसून राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी यंत्रावरून उठलो.

माझ्याआधी कुंभारीण पोचली होती. डोक्यावर पाटी. पाटीत भट्टीची राख आणि फुटक्या मडक्यांचा चुरा.

"दाजी," ती म्हणाली. म्हाताऱ्याच्या बायकोला ती अक्का म्हणायची, म्हणून हा दाजी. "दगड फोडता फोडता डोकं पण दगडाचं झालं का? माती दगडाखाली घालायची. तुम्ही तर स्वतःच्या पायाखाली पण घातलीत! घसरायचं त्याने घसरावं. ओढणाऱ्याला पकड नको?"

"मला वाटलं, सगळं गुळगुळीत झालं की सोपं जाईल," म्हातारा म्हणाला. वर्षभरात मी ऐकलेलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

"जन्मभर हेच वाटलं तुम्हाला." तिने पाटी खाली आपटली. "अक्का काही बोलली की 'होईल गं'. भांडला नाहीत, हट्ट केला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. लोक म्हणायचे, काय शांत माणूस! ती माझ्या ओट्यावर येऊन रडायची. म्हणायची, याला धरू कुठे आणि ओढू कशी? हात ठेवावा तिथून निसटतो."

माझ्या मनात आलं, बाई फार बोलली. पण खोटं नव्हती बोलली. माझ्याही यंत्राच्या चाकाला तेल लागतं, पण कापड पुढे सरकतं ते खालच्या बारीक दातांनी धरलं म्हणूनच. दातांवर तेल सांडलं तर सुई एकाच जागी टोचत बसते.

म्हाताऱ्याने तो टवका खिशात टाकला आणि हात पुढे केला. कुंभारणीने त्याला उठवलं.

मग तिने कामाचा ताबा घेतला. मधल्या पट्ट्यात, डोणीपुरती, ओली माती राहू दिली. दोन्ही बाजूंना राख आणि खापरांचा चुरा पसरला. पाय घासून बघितला, पुन्हा मूठभर टाकला. मला म्हणाली, "शिंपीदादा, खिडकीतून बघून डोणी चालत नाही. पहार घ्या." त्या दोघांनी दोर घेतला.

"एक सांगते," ती म्हणाली, "हलवतानाच जड आहे. एकदा हलली की थांबायचं नाही. थांबलात की पुन्हा पहिल्यापासून."

मी देवाचं नाव घेतलं आणि पहारेवर लोंबकळलो. दगड कुरकुरला. सुटला. खापरं पायांखाली करकरली, म्हाताऱ्याचे तळवे रुतले आणि डोणी चालू लागली! म्हातारी माणसं ती दोघं, श्वासाचे भाते झालेले, पण पाऊल मागे येईना. त्याच्या घराच्या दारापुढून जाताना तो क्षणभर रेंगाळला. दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं.

"दाजी, थांबायचं नाही!"

तो थांबला नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तसाच ओढत राहिला.

संध्याकाळी शेळ्या आल्या. आधी बिचकल्या, मग डोणीत तोंडं घातली. कोणी वाकलेलं नव्हतं. म्हातारा विहिरीच्या काठावर बसून, तुटक्या काठावरून बोट फिरवत, पाणी संपेपर्यंत बघत होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. एक ट्रंक, एक वळकटी, छिन्नीची पिशवी. गाडी सुरू झाली आणि सवयीने कुंभारीण ओट्यावरून ओरडली, "न्या बाबा यांना! माझी मडकी तरी सुटली धुळीतून!"

म्हाताऱ्याने गाडी थांबवली. मान बाहेर काढली. आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "वर्षभर नुसती बोंबलतेस! मडक्यांवर एक फडकं टाकायला काय हात झडले होते? झाकायचं कळत नाही आणि म्हणे कुंभारीण!"

कुंभारीण तोंड उघडं टाकून बघतच राहिली. मग कमरेवर हात ठेवून काहीतरी सणसणीत बोलणार, तोवर गाडी वळणाआड गेली होती. ती तशीच उभी राहिली, ओठावरचं उत्तर घेऊन.

आता छपरीला कुलूप आहे. गल्लीत धूळ उडत नाही. मी खिडकीत शिवत बसतो. रोज सकाळी कुंभारीण ओली मडकी ओट्यावर मांडते, बंद छपरीकडे एकदा बघते आणि सगळ्या मडक्यांवर नीट, कोपरे ओढून, फडकं टाकते.